टप्प्याटप्प्याने नर्मदा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



नर्मदा परिक्रमा हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पुण्यसंचयाचा हिशेब मांडण्याचे हे व्यासपीठ नव्हे, हे खरेच आहे. परंतु ज्या वाटेने पिढ्यान्पिढ्या माणसे चालत आली ती वाट कोणाच्या कष्टावर चालू राहिली, आणि ती बुडाली तेव्हा तिची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. तेवढ्यापुरता हा विषय आपला आहे.

अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, मुखाशी तेवढे नावेने पैलतीर गाठायचे आणि दुसऱ्या काठाने परतायचे, असा दंडक आहे. ही पायपीट अडीच हजार किलोमीटरहून अधिक भरते. परंपरा तिच्यासाठी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगते. एवढी सवड असते ती संन्याशाला! प्रपंचातल्या माणसासाठी लोकांनीच तोड काढली, ती खंड परिक्रमेची. काही दिवस चालावे, घरी परतावे, आणि पुढल्या खेपेस जेथे थांबलो तेथूनच पाऊल उचलावे.

जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी हाच मार्ग पत्करला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला हा कलाशिक्षक १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने निघाला. सोबती दर खेपेस बदलत. कधी विद्यार्थी असत, कधी मित्र, आणि पुढे पत्नी कांताबाईही. आपले ओझे आपल्याच पाठीवर घ्यायचे आणि रात्री मिळेल त्या ओसरीवर पथारी टाकायची. अशा तुकड्यांची सांधणी करीत सुमारे दहा वर्षे गेली. आपण पुण्यासाठी चालत नाही, नदीच्या सौंदर्यासाठी चालतो, ही त्यांची भूमिका स्वच्छ होती. त्या चालण्यातून रेखाटने, चिकटचित्रे आणि हिंदी-गुजराती पुस्तके निर्माण झाली. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकास २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंचाहत्तरीच्या सुमारास ते पुन्हा काठावर उतरले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. मराठी वाचकाला हा काठ गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे आधीपासून परिचित आहे, पण तो एकट्याचा प्रवास. वेगडांचे चालणे स्नेह्यांच्या मेळाव्याचे होते, म्हणून ते येथे अधिक उपयोगी.

टप्प्याटप्प्याने चालणे ही चैन कोणाला परवडते? ज्याला रजा आहे त्याला. शिक्षकाला दिवाळीची सुट्टी असते, उन्हाळ्याची असते. कारखान्यातील कामगाराला १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली, तीही वर्षात २४० दिवस भरले तर. इंग्लंडातही कामगार मोठ्या संख्येने डोंगरवाटांवर उतरू लागला आणि १९३८ साली तेथे भरपगारी सुट्टीचा कायदा झाला, हे एकाच काळातील आहे. शेतमजुराला मात्र रजा नावाची वस्तूच ठाऊक नाही. त्यामुळे नर्मदाकाठी एक चमत्कारिक दृश्य दिसते. चालणारा रजेवर असतो, आणि त्याला रात्री भाकरी घालणारा दिवसभर रानात राबून आलेला असतो.

या भाकरीचा विचार करणे अगत्याचे आहे. परिक्रमावासीला कोरडा शिधा द्यावा, ही काठावरची रीत. तिला सदावर्त म्हणतात. धनिकांनी आणि मठांनी चालविलेली सदावर्ते आहेतच. परंतु दोन गावांच्या मधल्या निर्जन वाटेवर जो आसरा मिळतो तो गोंड, भिल, ढीमर अशांच्या झोपडीत मिळतो. मूठभर पीठ, थोडी डाळ, चुलीचा विस्तव. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात यातले काहीच येत नाही, कारण कशाचीच विक्री झालेली नाही. हा व्यवहार सरसकट समतेचा होता असेही समजू नये. जातीचा विचार चुलीपर्यंत पोहोचतोच, आणि साधूला मिळणारा मान भुकेल्या मजुराला त्याच दारात मिळेल याची शाश्वती नाही. तरीही ज्याच्याकडे सर्वांत कमी होते त्याने ही वाट जिवंत ठेवली, ही गोष्ट उरतेच.

आणि मग पाणी आले. नर्मदेच्या मुख्य पात्रावरील पहिले मोठे धरण बरगीचे. ते १९९० साली भरले आणि १६२ गावांना त्याची झळ लागली. ज्या जबलपूर-मंडला टप्प्यावर वेगडांची मंडळी पहिल्यांदा चालली, त्यातला मोठा भाग आता जलाशयाखाली आहे. विस्थापितांनी लढा देऊन १९९४ साली त्याच जलाशयात सहकारी संघामार्फत मासेमारीचा हक्क मिळविला, याची नोंद यात्रावर्णनांत सहसा सापडत नाही. ती असायला हवी होती. पुढे इंदिरासागर झाले. त्यापायी २००४ साली हरसूद हे भरले गाव उठले. सरदार सरोवराच्या पाण्यात शूलपाणेश्वराचे मंदिर गेले आणि दक्षिण काठावरील महाराष्ट्राची, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील, ३३ गावे बाधित झाली. मंदिर गोरा येथे नव्याने उभारण्यात आले. देवाचे पुनर्वसन त्या मानाने सुलभ झाले!

माणसांचे काय झाले? लवादाने १९७९ च्या निवाड्यात २५ टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबास किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन देण्याचे बंधन घातले. त्या काळाच्या मानाने हे पाऊल पुढचेच होते. परंतु मोजदाद झाली ती जमिनीची. ज्याच्या नावावर जमीन नाही, जो नाव वल्हवितो, गाळात कलिंगडे पिकवितो, मासे धरतो, त्याला निवाड्याने जमिनीचा हक्क दिला नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची दृष्टी हीच होती. भूमिहीन मजूर, कारागीर व मच्छीमार यांना ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत आणायला २०१३ साल उजाडावे लागले, आणि तोवर या खोऱ्यातील बहुतेक पाणी अडवून झाले होते. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हाही पुनर्वसनाच्या तक्रारी घेऊन लोक काठावर बसलेलेच होते.

आजही परिक्रमावासींची रीघ आहे. मराठी माणसांची संख्या त्यांत मोठी आहे. बसने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा घडविणाऱ्या सहलीही निघतात. पायी चालणाऱ्यांना जलाशयापाशी काठ सोडून दूरच्या डांबरी रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. त्या रस्त्यावर नवे आश्रम उठले आहेत, चहाची दुकाने आहेत, शिधाही मिळतो. मात्र जुन्या वाटेवर तो ज्यांच्या घरी मिळत असे, त्यांतील पुष्कळ जण वसाहतींत किंवा शहरांच्या मजूर-नाक्यांवर आहेत. पुढील सुट्टीत परिक्रमेचा टप्पा चालायला जाणारे या सभागृहातही कोणी असतील. त्यांनी मुक्कामाच्या गावी एवढे जरूर विचारावे की येथे पाणी कोणत्या साली आले, आणि तेव्हा गावातली किती घरे सातबाऱ्यावर नव्हती.