पाहुणा घरात उतरू द्या

रोटरीची ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ योजना १९६५ साली सुरू झाली आणि २०१३ मध्ये थांबली. तरुण व्यावसायिकांची तुकडी परदेशी जायची, आपल्या व्यवसायातले तिथले काम पाहायची आणि यजमानांच्या घरी उतरायची. हे घरी उतरणेच मला मोलाचे वाटते.

समजा, अशी फिलिपिनो मंडळी बुलढाण्यात आली. आपण त्यांना लोणार दाखवू. त्यांचे ताल सरोवर ज्वालामुखीतले. आपले उल्काघाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले. पण सरोवर दाखवायला वाटाड्या पुरतो. माणूस कळायला ओसरी लागते.

तिथे भाकरी मोडता मोडता कळेल, की ते शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्याला ‘मुखा’, आशेला ‘आसा’. हे शब्द मूळचे संस्कृत. आभार मानताना म्हणतात ‘सलामत’. तो मूळचा अरबी. आपल्या मराठीतही गुरू आहे आणि सलामतही. दोन वाटांनी आलेले शब्द तिथे आणि इथे, एकाच जिभेवर सुखाने नांदतात. माणसांना ते अवघड का जावे?

म्हणून संस्थांनी परदेशी पाहुणे बोलावले, तर एक सत्कार कमी करावा. त्यांना दोन रात्री दोन घरी ठेवावे : एक आळीतले, एक मोहल्ल्यातले. त्या निमित्ताने यजमानांचेही एकमेकांकडे जाणे-येणे होईल.