मुख : रचना आणि कार्य
(शिक्षक-संमेलनातील व्याख्यान)



पहिलीच्या वर्गात ‘क, ख, ग, घ’ घोकून घेतले जाते, तेव्हा मुलांपुढे मुखाचा नकाशाच उलगडत असतो. मात्र तो नकाशा आहे, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. कवर्ग उच्चारताना जिभेचा मागचा भाग मृदू टाळूस भिडतो, चवर्गात जीभ कठीण टाळूकडे येते, टवर्गात तिचे टोक वर वळते, तवर्गात ते दातांस लागते आणि पवर्गात सारे काम ओठांवर येऊन पडते. मराठीने यात आपली भर घातली आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहिण्यात एकच. पण पहिल्यात जीभ टाळूस लागते व दुसऱ्यात दातांच्या मुळाशी.

मृदू टाळू ही एक झडप आहे. ती वर उचलली गेली की नाकाची वाट बंद होते. मुलांना नाक चिमटीत धरून ‘मामा’ म्हणावयास सांगावे. ‘बाबा’ असे काहीसे ऐकू येते आणि वर्ग हसतो. ते हसणे शिकण्याचे आहे. परंतु ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो, ते निराळे. असे मूल हळूहळू बोलणेच सोडते, आणि मग ते मंदबुद्धी असल्याचा शिक्का त्याच्यावर बसतो. शिक्षकाने प्रथम त्याचे कान नीट आहेत की नाहीत याची शंका घ्यावी. जे ऐकू येत नाही ते जीभ कोठून उच्चारणार? मूल सर्वच अक्षरे नाकातून बोलत असेल, तर नाकाखाली लहान आरसा धरून ‘प-प-प’ म्हणवून घ्यावे. ते म्हणत असतानाच आरशावर बाष्प धरले, तर टाळूत दोष असण्याचा संभव आहे. दुभंगलेल्या टाळूवर शस्त्रक्रिया होते, आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी समाविष्ट आहे. छडीने मात्र टाळू सांधत नाही.

अन्नाच्या कामी दात, जीभ आणि लाळ यांची भागीदारी असते. कानाजवळच्या, खालच्या जबड्याखालच्या व जिभेखालच्या अशा लालाग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवतात. भाकरीचा घास सावकाश चावीत राहिले की तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतील अमायलेज पिष्टाची साखर करू लागते. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेलाही हा प्रयोग परवडतो.

जिभेच्या टोकावर गोड, मागे कडू अशी विभागणी दाखविणारी आकृती अनेक जुन्या पुस्तकांत आढळते. ती फळ्यावर काढू नये. सर्व चवी जिभेच्या सर्वच रुचिकलिकायुक्त भागांना कळतात; फरक असला तरी किंचित.

आता दातांविषयी. दुधाचे दात २०, कायमचे ३२, हे पाठ असते. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे नेमके मूल पहिलीत येते तेव्हा, दुधाच्या दाढांमागे चार कायमच्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात. तेथे गोळ्याबिस्किटांचे कण अडकतात, जंतू त्यांचे आम्ल करतात आणि दाढ पोखरली जाते. ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे म्हणून पालक दुर्लक्ष करतात. पुढे ती काढावी लागते व तिच्या जागी दुसरी येत नाही. घरात मिश्री लावली जात असेल, तर मूलही तिलाच दात घासण्याचे साधन समजते. हा विषय पालकसभेत संकोच न धरता काढावा.

ही दाढ ओळखणे अवघड नाही. मुलाने आरसा घेऊन पुढच्या दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजीत जावे. सहावा दात तो हाच.