जमीन गहाण टाकण्याआधी गुणांचा हिशोब



आपल्या गावच्या लेकी आता नर्सिंग करतात, इंजिनिअर होतात. त्यातली एखादी म्हणते, "आई, मला कॅनडात कायमचं राहायचंय." तेवढ्यात कुणी एजंट भेटतो. "पैसे भरा, पीआर मिळवून देतो," म्हणतो. मग घरात जमीन गहाण टाकायची बोलणी सुरू होतात. म्हणून आज आम्ही तुमच्यासमोर एक हिशोब मांडतोय.

पीआर म्हणजे कायम राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. ते नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो. कुशल कामगाराला तो देताना कॅनडा १९६७ पासून गुण मोजतो. आज बाहेरून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी १०० गुण आहेत: भाषा २८, शिक्षण २५, अनुभव १५, वय १२, तिथल्या नोकरीचा पक्का प्रस्ताव १० आणि तिथे जुळवून घेण्याची तयारी १०. पास व्हायला ६७ लागतात.

समजा, आपली लेक २८ वर्षांची आहे. बीएस्सी नर्सिंग झालंय, तीन वर्षं दवाखान्यात काम केलंय. वयाचे १२, पदवीचे २१, अनुभवाचे ११, झाले ४४. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत सहा बँड मिळाले, तर १६ गुण. बेरीज ६०, म्हणजे नापास. तिनेच ऐकण्यात आठ आणि वाचन, लेखन, बोलण्यात सात-सात बँड आणले, तर २४ गुण. बेरीज ६८, पास! म्हणजे पहिला खर्च एजंटवर नको, लेकीच्या इंग्रजीवर करा.

पण ६७ झाले म्हणजे पीआर झाला असं नाही. पुढे दुसऱ्या गुणांनी यादी लागते आणि वरच्यांनाच बोलावणं येतं. म्हणून "शंभर टक्के खात्री" देणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. नाव नोंदवायला कॅनडा सरकार पैसे घेत नाही आणि अर्ज आपला आपल्याला भरता येतो. पैसे घेऊन हे काम करायचा अधिकार तिथल्या वकिलांना किंवा नोंदणीकृत सल्लागारांनाच आहे. परीक्षा, पदवीची तपासणी आणि पुढे अर्जाची फी हा खर्च मात्र असतोच. शिवाय तिथे सुरुवातीला पुरेल एवढी रक्कम बहुतेकांना खात्यात दाखवावी लागते.

खरी अडचण येते ती कागदांची. दवाखाना पगार रोख देतो आणि दाखला देत नाही, मग तीन वर्षं राबूनही तो अनुभव सिद्ध करता येत नाही. हुद्दा, काम, आठवड्याचे तास, पगार आणि तारखा लिहिलेला दाखला नोकरीत असतानाच मागून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. बोलावणं आलं की अर्ज भरायला ६० दिवसच मिळतात. तेव्हा धावपळ करून कागद जमत नाहीत.

आणखी एक. पीआर मिळाला म्हणून लगेच नर्स म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी तिथल्या प्रांताच्या नर्सिंग संस्थेकडे वेगळी नोंदणी लागते. ती होईपर्यंत घर कसं चालेल, याचाही विचार आधीच करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत ज्यांच्या लेकी-सुना जायचं म्हणतात, त्यांना कागद घेऊन बोलवा. सगळ्यांनी बसून गुणांची बेरीज करू. सातबाऱ्याला हात लावायचा की नाही, ते त्यानंतर ठरवू.