प्रश्न विचारण्याचा हक्क आधी शिक्षकाला

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षकांचे वेतन, रिक्त जागा, बदल्या, निवृत्तिवेतन या प्रश्नांवर आपण नेहमी बोलतो, आणि बोललेच पाहिजे. परंतु आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या मागण्यांच्या यादीत सहसा शेवटी येतो, किंवा येतच नाही. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण हा तो विषय होय.

१९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. आणीबाणीत प्रश्न विचारणारे तुरुंगात असताना शोधक बुद्धीचे कलम घटनेत दाखल व्हावे, ही विसंगती आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. तशीच विसंगती शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात आजही दिसते. मुलांना प्रश्न विचारू द्या, त्यांना स्वतः शोधू द्या, असे तेथे सांगितले जाते. पण सांगितले जाते ते व्याख्यानातून, आणि समोर बसलेल्या शिक्षकाने मात्र प्रश्न विचारावयाचा नसतो! ज्याने स्वतः कधी शोध घेतला नाही, त्याने मुलांना शोध घ्यावयास कसे शिकवावे?

हे निराळ्या रीतीने होऊ शकते, याचा पुरावा आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे मित्र मंडळाचे ग्रामीण केंद्र या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान शिकविण्याचा एक प्रयोग सुरू केला. विद्यापीठांतील अध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. १९७८ साली तो जिल्हाभर पसरला. १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली व पुढे तिने हे काम चालविले. शाळा सरकारी होत्या, मुले शेतकऱ्यांची व मजुरांची होती, आणि शिक्षक तुमच्याआमच्यासारखेच होते.

या कार्यक्रमाचा कणा म्हणजे उन्हाळ्यातील प्रशिक्षण शिबिरे. तेथे शिक्षक विद्यार्थी होत असत. वर्गात मुलांनी करावयाचा प्रत्येक प्रयोग आधी ते स्वतः करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकातील मूळ व पान यांचा धडा घ्या. शेतात जावे, रोपे मुळासकट उपटून आणावीत, पानांच्या शिरा पाहाव्यात आणि तक्ता भरावा. ज्वारी व गहू यांच्या पानांवर समांतर शिरा, आणि खाली तंतुमुळे. तूर व हरभरा यांच्या पानांवर शिरांचे जाळे, आणि खाली सोटमूळ. दहावीस रोपांनंतर नियम आपोआप हाती येतो. तो कुणी सांगितलेला नसतो, म्हणून विसरला जात नाही.

आता समजा, त्याच वेळी कुणी परसातला अळू आणला. पानावर जाळीदार शिरा आहेत, पण सोटमूळ काही सापडत नाही. केवळ पाठ्यपुस्तकावर वाढलेला शिक्षक हा अळू गुपचूप बाजूला सारील. ज्याने स्वतः शोध घेतला आहे, तो मात्र म्हणेल, ‘हे मलाही ठाऊक नाही, आणखी रोपे पाहू.’ ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य वर्गात उच्चारण्याचे बळ शिक्षकाला देणे, हेच प्रशिक्षणाचे खरे कार्य होय. ज्या समाजात वरच्याने सांगावे आणि खालच्याने मान डोलवावी अशी शतकांची सवय आहे, तेथे या वाक्याला राजकीय अर्थ आहे.

होशंगाबादचे काम शिबिरापाशी थांबत नसे. दरमहा शिक्षकांची बैठक होई. कोणता प्रयोग फसला, साहित्य कोठे अपुरे पडले, याची चर्चा होई. शिक्षकांच्या अनुभवावरून पुस्तके सुधारली जात. अनुभवी शिक्षक पुढे स्वतःच इतरांना शिकवू लागले. परीक्षाही बदलली: लेखी परीक्षेत पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी होती. पाठांतराला गुण देणारी परीक्षा कायम ठेवून शिक्षकाला शोधक होण्याचा उपदेश करणे ही फसवणूक आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तीस वर्षांत सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचलेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. सरकारच्या संमतीवर उभे राहिलेले काम सरकारच्या मर्जीने मोडते. त्यामागे संघटित शक्ती उभी करावी लागते, आणि ते काम आपले आहे.

२०१९ साली केंद्र सरकारने ‘निष्ठा’ ही प्रशिक्षण योजना आणली, आणि २०२० साली तिचे वर्ग पडद्यावर गेले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली. तासांना माझा विरोध नाही. पण पडद्यावर चित्रफीत पाहून प्रमाणपत्र मिळते. रोप उपटून हाताला माती लागत नाही.

काही साथी म्हणतील, आधी जागा भरा, जनगणनेची व निवडणुकीची कामे कमी करा, मग शोधाचे बोला. त्यांचे दुखणे खरे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही ही कामे शिक्षकाच्या माथी ठेवलीच आहेत. परंतु या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी शिक्षकाचे वेतन आणि शिक्षकाचे प्रशिक्षण हे दोन्ही विषय एकत्रच मांडले होते. आपण ते वेगळे केले, ही आपली चूक आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रशिक्षण कामाच्या दिवसांत व्हावे आणि त्याचा खर्च सरकारने करावा. तेथे प्रयोगाचे साहित्य असावे, आणि शिक्षकाने ते स्वतः हाताळावे. मार्गदर्शकांत अनुभवी शिक्षक असावेत. परीक्षेचे स्वरूप बदलावे. या मागण्या संघटनेच्या ठरावात वेतनाच्या मागणीशेजारी लिहिल्या जाव्यात.

आणि ठरावाची वाट न पाहता एक गोष्ट करता येईल. आपल्याकडे केंद्रपातळीवर दरमहा शिक्षण परिषद भरते. परिपत्रके वाचण्यात ती संपू देऊ नका. पुढच्या परिषदेला जाताना आपल्यापैकी प्रत्येकाने दोन-चार रोपे मुळासकट न्यावीत, आणि त्यांत एक अळू जरूर असू द्यावा.