शिक्षकाच्या हातचे काम

पंधरा-वीस वर्षे एकाच इयत्तेला शिकविल्यावर पाठ्यपुस्तकाचे पान उघडण्यापूर्वीच त्यावरील वाक्य शिक्षकाच्या ओठांवर येते. प्रश्न ठरलेले असतात आणि मुलांच्या चुकाही ठरलेल्या वाटू लागतात. या अवस्थेला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. पुस्तक एकाने लिहावे, वेळापत्रक दुसऱ्याने आखावे, परीक्षेचे स्वरूप तिसऱ्याने ठरवावे आणि वर्गात उभे राहणाऱ्याने ते सारे केवळ पोचते करावे, अशी कामाची वाटणी झाली, तर पोचविणाऱ्याचा उत्साह टिकावा तरी कशावर? शिक्षकदिनाच्या भाषणांत त्याला राष्ट्राचा शिल्पकार म्हणतात. शिल्पकाराच्या हाती छिन्नी असावी लागते, याचा मात्र वक्त्यांना विसर पडतो.

बंगळूरहून पूर्वेकडे निघालेल्या रस्त्याला होसकोटे येथे फाटा फुटतो. एक वाट कोलारकडे जाते, तर दुसरी चिंतामणीवरून आंध्रातील मदनपल्लीकडे. मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅली हे जे. कृष्णमूर्तींच्या विचारांतून उभे राहिलेले विद्यालय आहे. आसपासच्या खेड्यांत एकाच शिक्षकाला सर्व इयत्ता सांभाळाव्या लागत. तेथील शाळांसाठी पद्मनाभ राव आणि रमा या दांपत्याने 1980च्या दशकात एक पद्धत बसविली. पाठ्यपुस्तक मोडून त्याची लहान लहान कार्डे करावयाची, ती पायरीपायरीने लावावयाची आणि प्रत्येक मुलाने आपापल्या चालीने ती चढावयाची, असे तिचे स्वरूप. सारे साहित्य एका पेटीत मावे, म्हणून ‘पेटीतली शाळा’ असे तिचे नाव पडले.

1995 साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील काही सरकारी प्राथमिक शिक्षक ही पद्धत पाहावयास ऋषी व्हॅलीला गेले. युनिसेफचे त्यांना साहाय्य होते. परत आल्यावर त्यांनी पाहिलेल्याची नुसती नक्कल केली नाही. आपल्या मुलांना रुचतील अशी गाणी, गोष्टी आणि खेळ जुळवीत त्यांनी कन्नडमधून कार्डे तयार केली. त्यातून ‘नलि-कलि’ जन्मास आली. आनंदाने बागडत शिक, असा या जोडशब्दाचा भाव.

या पद्धतीतील अक्षरांचा क्रम विचार करण्यासारखा आहे. परंपरेप्रमाणे मूल अ, आ, इ, ई अशी माळ ओढीत राहते आणि पहिला शब्द वाचावयास त्याला कित्येक आठवडे लागतात. नलि-कलित आरंभ होतो र, ग, स, द आणि अ या पाच अक्षरांपासून. यांत र आणि द यांची कन्नड वळणे एकमेकांच्या अगदी जवळची. काना नाही, मात्रा नाही. तरी एवढ्या भांडवलावर मूल ‘सर’ म्हणजे हार, ‘अरस’ म्हणजे राजा, ‘अगस’ म्हणजे परीट आणि ‘गरगस’ म्हणजे करवत असे शब्द वाचू लागते. ज्याने लहानग्यांची बोटे पाटीवर कोठे अडखळतात हे वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्याच्याजवळ अशा निवडीसाठी लागणारे ज्ञान असते. कोणी ते विचारीत नाही, एवढेच. (मराठीत आरंभाची पाच अक्षरे कोणती घ्यावीत, हा प्रश्न पहिलीच्या कोणत्याही शिक्षिकेने एका संध्याकाळी सोडवून पाहावा. दुसऱ्या दिवशीचा वर्ग तिला निराळा दिसेल.)

वर्गाची मांडणीही पालटली. मुले रांगा सोडून गटागटाने बसू लागली. एका गटाला शिक्षकाची पूर्ण मदत, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्याला सोबत्यांची, तर एखादा गट आपला आपण शिकणारा. भिंतीवर मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर फळा आला. शिक्षक खुर्ची सोडून सतरंजीवर आला, आणि कोणते मूल कोठे अडले आहे हे त्याला जवळून दिसू लागले.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. 1945 साली अनुताई वाघ ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीस गेल्या, तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशी गाठली होती आणि शाळेतील नोकरीची बरीच वर्षे मागे पडली होती. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे आले. पुढे कोसबाडला गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. अनुताईंचे कर्तृत्व फुलले ते या अडचणींच्या निमित्ताने. सोयींनी भरलेल्या वर्गात ते तसे फुलले असते का, याची शंका वाटते.

2009-10 पासून कर्नाटकभरच्या सरकारी कन्नड शाळांतील पहिल्या दोन इयत्तांना नलि-कलि लागू झाली. कार्डे छापून आली. होसकोट्यासारख्या तालुक्यांतील शिक्षकांनाही ती तयार मिळाली. छापील कार्ड हस्तलिखितापेक्षा सुबक असते आणि ते सर्वांना मिळते, हा लाभ थोडा नव्हे. परंतु हेग्गडदेवनकोट्याच्या शिक्षकांना जे मिळाले होते, ते पेटीत घालून पाठविता येत नव्हते. त्यांनी कार्ड रचले होते, वर्गात फसलेले पाहिले होते आणि पुन्हा रचले होते. ज्याच्याकडे केवळ संच आला आणि त्याबरोबर वापरण्याची सूचना आली, त्याच्या दृष्टीने एका पाठ्यपुस्तकाच्या जागी दुसरे आले, इतकेच घडण्याचा संभव होता.

म्हणून प्रत्येक संचात काही कोरी कार्डे असावीत, आणि ती भरण्यासाठी जवळपासच्या चार शाळांच्या शिक्षकांना महिन्यातून एक दुपार मोकळी मिळावी. हेग्गडदेवनकोट्याच्या मुलांना रान आणि हत्ती ओळखीचे. होसकोट्याच्या मुलांसमोर मोठा तलाव आहे, त्यावर उतरणारे पक्षी आहेत, हमरस्त्याने रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी आहेत. मालमोटारींच्या पाट्यांवरील आकडे, तलावातील पाण्याची उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यातील पातळी, एका सकाळी मोजलेली पाखरे, इतके साहित्य शाळेच्या दारातच आहे. त्यातले पहिले कार्ड बहुधा चुकेल. मुलांना ते अवघड तरी जाईल किंवा फार सोपे वाटेल. मग त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर दुसरे लिहावे.