एका संख्येचे दोन तुकडे



बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट आपणांपैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दामदुप्पट. चौसष्ट घरांच्या त्या पटाला आणखी तीन घरे जोडून ती भरली, तर एकूण दाणे होतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजेच २ चा ६७ वा घात, उणे १. आज आम्ही बोलणार आहोत ते या एकाच संख्येविषयी.

१६४४ साली मेर्सेन या फ्रेंच मठवासी विद्वानाने ही मूळ संख्या असल्याचे लिहून ठेवले. म्हणजे १ आणि ती स्वतः यांवाचून तिला निःशेष भागणारे कोणी नाही. हे विधान खोटे ठरावयास २३२ वर्षे लागली. १८७६ साली लुकासने ही संख्या संयुक्त आहे असे दाखविले; पण गंमत अशी, की तिचा एकही अवयव त्याला सांगता आला नाही!

हे कसे शक्य आहे? लुकासच्या कसोटीला लेहमरने १९३० साली जे सुटसुटीत रूप दिले, ते ३१ या संख्येवर लावून पाहू. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात उणे १. चारापासून आरंभ करावा. वर्ग करून २ वजा करावे आणि ३१ ने भागून बाकी तेवढी ठेवावी. ४ चे झाले १४; १४ चे १९४, बाकी ८; ८ चे ६२, बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनी शून्य आले, म्हणून ३१ मूळ. आपल्या संख्येला अशा ६५ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. झाला निकाल. भाजक शोधण्याची गरजच पडली नाही.

तुकडे सापडले ते १९०३ साली. न्यूयॉर्कला अमेरिकन गणित परिषदेच्या सभेत कोल फळ्यापाशी गेला आणि, असे सांगतात, एक शब्दही न बोलता त्याने हा गुणाकार मांडला: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. उत्तर जुळले आणि सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. संख्या संयुक्त आहे हे तर सर्वांना आधीच ठाऊक होते. तरीही आमच्या मते त्या टाळ्या अगदी रास्त होत्या. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीत एक मिळविल्यानेच मिळतो. कोलचा लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीनंतरचा आहे. यंत्रावाचून तो हुडकणे ही काय तपश्चर्या असेल! गुणाकार मात्र शाळेतला मुलगाही पाटीवर पडताळील.

तोडणे अवघड, जोडणे सोपे, या अंतरावर १९७७ पासून एक कुलूप उभे आहे. बँकांचे संगणकावरील निरोप राखण्यास ते वापरतात. संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्याची हमखास त्वरित रीत २००२ साली कानपूरला अगरवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली. अवयव पाडण्याची तशी रीत आजच्या संगणकांसाठी अजून सापडलेली नाही. आव्हान म्हणून जाहीर केलेली ६१७ अंकांची एक संख्या आहे. ती संयुक्त आहे हे सर्वांस ठाऊक आहे. तिचे तुकडे अद्याप कोणीही जगापुढे मांडलेले नाहीत.