मॉड्यूल बसवण्याआधी



संमेलनाच्या अध्यक्षानं भाषेच्या भवितव्यावर बोलावं, अशी रीत आहे. मी प्लगिनवर बोलणार आहे. मराठी चर्चेची संकेतस्थळं चालवणारी आपण मंडळी. रात्री साडेअकराला आपला फोन वाजतो तो कुणाच्या कवितेबद्दल नसतो. ‘प्रतिसाद उमटत नाहीये’, ‘सगळी पानं पांढरी दिसताहेत’, ‘माझे निरोप कुठे गेले?’ अशीच काहीतरी तक्रार असते. आणि दहातल्या आठ वेळा मूळ सॉफ्टवेअर ठणठणीत असतं, दुखणं असतं ते त्याला नंतर जोडलेल्या कुठल्यातरी वस्तूत.

१९९६ साली अमेरिकेतून मायबोली सुरू झाली. २००४ मध्ये मनोगत आलं, २००७ मध्ये उपक्रम आणि मिसळपाव. यांतल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी ड्रुपल हे संकेतस्थळ चालवण्याचं सॉफ्टवेअर वापरलं. नुसतं ड्रुपल बसवलं की सदस्यनोंदणी, लेख आणि प्रतिसाद एवढं मिळतं. खासगी निरोप हवेत, बसवा मॉड्यूल, म्हणजे ड्रुपलचं प्लगिन. सुवाच्य पत्ते हवेत, बसवा आणखी एक. मराठी टंकनाची गोष्टही तीच. फोनवर मराठी कीबोर्ड नव्हता आणि संगणकावर तो चालू कसा करायचा हे फार थोड्यांना माहीत होतं, त्या काळात ‘गमभन’ने चौकटीत रोमन कळा दाबून देवनागरी उमटवण्याची सोय केली. आज इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी पहिला मराठी प्रतिसाद अशाच एखाद्या जोड-सुविधेतून लिहिला असेल. तेव्हा प्लगिन म्हणजे किरकोळ बाब असं निदान आपण तरी म्हणू नये.

पीएचपीबीबी हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर चालवलेली मंडळी मागच्या रांगेत दिसताहेत. तुम्हाला ‘मॉड’ बसवणं आठवत असेल: अमुक फाइल उघडा, अमुक ओळ शोधा, तिच्याखाली हे चिकटवा. भाड्याच्या घरात भिंत फोडून कपाट बसवण्याचाच तो प्रकार. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की चिकटवलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणून लोक नवी आवृत्ती घ्यायचंच टाळायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ३.१ आली आणि ही पद्धत बदलली. एक्स्टेन्शन स्वतःच्या फोल्डरमध्ये राहणार, मूळ फायलींना हात लावायचा नाही. फार चांगलं झालं. पण जुने मॉड नव्या घरात आपोआप चालणार नव्हते, ते पुन्हा लिहावे लागणार होते. ज्यांच्या कर्त्यांनी तोवर नोकरी बदलली होती, लग्न केलं होतं किंवा नुसता कंटाळा केला होता, ते मॉड तिथेच संपले.

ड्रुपलचं धोरण तर उघडच होतं: तुमचा मजकूर पुढच्या आवृत्तीत नेण्याची वाट ठेवू, जुना कोड चालेल याची हमी देणार नाही. सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली, आठवी नोव्हेंबर २०१५ मध्ये. आठवी सिंफनी या पीएचपी चौकटीच्या पायावर जवळजवळ नव्यानं बांधलेली होती. सातावरून आठावर जाणं म्हणजे अपडेट नव्हे, स्थलांतर. परिणाम असा की सातव्या आवृत्तीचा आधार २०२१ मध्ये थांबायचा होता, तो पुन्हा पुन्हा लांबवून अखेर ५ जानेवारी २०२५ला थांबला. चौदा वर्षं! इतकी वर्षं लोक सातावर का राहिले? काही आळसानं राहिले असतील. पण पुष्कळ जण एखाद्या मॉड्यूलची आठवी आवृत्ती निघेल म्हणून वाट बघत राहिले आणि ती निघालीच नाही. २०२४च्या अकराव्या आवृत्तीत तर खुद्द फोरम हे मॉड्यूल मूळ गाभ्यातून बाहेर काढण्यात आलं. कालपर्यंत घरचं असलेलं आज जोड झालं.

मग निवडायचं कसं? चित्रं आणि चांदण्या बघून निवडतात, तसं नक्कीच नाही. मी आधी तक्रारींची यादी उघडतो. तक्रारी किती आहेत याला मी फारसं महत्त्व देत नाही. एकही तक्रार नसणं हे बहुधा कुणीच वापरत नसल्याचं लक्षण. तक्रारींना उत्तर येतं का, आणि कोण देतं, हे बघायचं. तीन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाखाली ‘मलाही हाच त्रास’ असे वीस प्रतिसाद आणि कर्त्याचा पत्ता नाही, असं दिसलं की पान बंद करावं. ड्रुपलच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉड्यूलच्या पानावर देखभालीची स्थिती लिहिलेली असते आणि किती साइट्स ते वापरतात तो आकडाही असतो. शिवाय एक ढालीचं चिन्ह असतं. त्या ढालीचा अर्थ लोक भलताच लावतात. कुणी कोड ओळन् ओळ तपासला आहे, असं ती सांगत नाही. भोक सापडलं तर सुरक्षा-गट त्यात लक्ष घालेल आणि सूचना काढेल, एवढंच तिचं म्हणणं. आणि तेही पक्क्या आवृत्त्यांपुरतं, अल्फा-बीटाला नाही. वर्डप्रेसवर ‘अमुक आवृत्तीपर्यंत तपासलेलं’ असं लिहिलेलं असतं, ती नोंद कर्ता स्वतः भरतो. तिच्यावर विश्वास ठेवा, पण आधी चाचणीच्या प्रतीवर बसवून बघा.

‘सुसंगत’ या शिक्क्यात सर्व्हरचं पीएचपी धरलेलं आहे की नाही, हेही विचारा. डिसेंबर २०१५च्या पीएचपी ७ने डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शन्स काढून टाकली. ड्रुपल तेच, मॉड्यूल तेच, आणि एका सकाळी होस्टिंगवाल्यानं पीएचपी बदललं की पांढरा पडदा. त्यानं ईमेल पाठवलेला असतो, तो स्पॅममध्ये असतो.

कर्ता कोण, हा प्रश्न मी कोडच्याही आधी विचारतो. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या लायब्ररीचा कर्ता ते काम सोडून पुढे गेला होता. एका अनोळखी माणसानं मदत देऊ केली, यानं चाव्या दिल्या, आणि त्या माणसानं क्रिप्टो-पाकिटं लुटणारा कोड आत सारला. २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत हेच घडलं, फक्त फार सावकाश. सहकारी म्हणून वर्ष-दोन वर्षं विश्वास कमावून मग चोरदार बसवण्यात आलं. मी मूळ कर्त्यांना दोष देत नाही. विनावेतन, एकट्यानं, अनोळखी लोकांच्या शिव्या खात काम करणारा माणूस थकतो. दोष आपल्याकडे आहे. त्या एकट्या माणसावर आपलं अख्खं संकेतस्थळ टेकलंय, याची आपल्याला खबरच नसते.

आणि वेळ किती मिळतो? १५ ऑक्टोबर २०१४ला ड्रुपल ७च्या गाभ्यातलंच एक भयंकर भोक जाहीर झालं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पुढे सुरक्षा-गटानं सांगितलं की सात तासांत पॅच बसवला नसेल तर साइट फुटलीच असं समजा. म्हणजे पहाटे साडेचारच्या आत. ज्यांनी मॉड्यूल चालावं म्हणून गाभ्यात हातानं फेरफार केले होते, त्यांना तर सुधारलेली आवृत्ती सरळ बसवताही येत नव्हती.

आता ज्या सुसंगततेचा शिक्का कुठल्याही पानावर नसतो, तिच्याकडे येतो. मॉड्यूल मराठीशी सुसंगत आहे का? लेखाचा गोषवारा दाखवणारं साधं मॉड्यूल घ्या. ते पहिली शंभर अक्षरं मोजण्याऐवजी शंभर बाइट मोजतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे शंभराव्या बाइटला चिन्ह मधोमध चिरलं जातं आणि वाक्याच्या टोकाला प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. शोधाचं किंवा टॅगचं मॉड्यूल घ्या. त्याच्या नियमात मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही अक्षरंच नसतात, मग ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात आणि शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. स्वच्छतेचं मॉड्यूल घ्या, जे मजकुरातली ‘अदृश्य’ चिन्हं झाडून टाकतं. जुन्या कीबोर्डांवर अर्धा ऱ लिहिताना असंच एक अदृश्य जोडचिन्ह वापरलेलं असतं. ते झाडलं की लग्नातल्या आचाऱ्यांची बिलं आचार्यांच्या नावावर चढतात! आणि मोडीवाले अभ्यासक इथे आहेत, त्यांच्यासाठी: मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, पण तिची अक्षरं चार बाइटची आहेत. मायएसक्यूएलमधला जुना ‘यूटीएफ-८’ तीनच बाइट साठवतो. सेटिंग सैल असेल तर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सगळा लेख कापला जातो, आणि तक्रारही होत नाही. जुनं मॉड्यूल स्वतःचे तक्ते त्याच जुन्या प्रकारात बनवत असेल, तर बाकी डेटाबेस सुधारूनही उपयोग नाही.

हे बेल्जियमच्या किंवा ब्राझीलच्या कर्त्याला कसं कळणार? त्याला आपण सांगितलं तरच. आपल्याकडे मात्र उलट चालतं. हुशार स्वयंसेवक ती ओळ आपल्या सर्व्हरवर गुपचूप सुधारतो, दोन महिन्यांनी अपडेट येतं, सुधारणा पुसली जाते, आणि तोवर तो स्वयंसेवक सिएटलला गेलेला असतो. तीच दुरुस्ती मूळ कर्त्याकडे पाठवली असती तर बंगाली, तमिळ, नेपाळी साइट्सचंही भलं झालं असतं. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं. मजकूर, आधीचं चित्र, नंतरचं चित्र आणि चार ओळींचा पॅच, एवढं पुरतं.

दुपारच्या सत्रात माझा एकच ठराव आहे. सर्वांनी मिळून एक मराठी चाचणी-परिच्छेद तयार करावा: त्यात अदृश्य जोडचिन्हासह आणि त्याशिवाय, अशा दोन्ही पद्धतींनी लिहिलेला अर्धा ऱ असावा, ‘ॲ’ असावा, तीन व्यंजनांची जोडाक्षरं असावीत, एक इमोजी आणि मोडीची एक ओळ असावी. नवं मॉड्यूल आलं की तो परिच्छेद त्यात घालून बघायचा, आणि निकाल आवृत्तीच्या क्रमांकासह एका सामायिक तक्त्यात नोंदवायचा. तक्ता सांभाळायला दोन माणसं हवीत, एक नको. चहानंतर नावं घेऊ. आणि ज्यांची साइट अजून सातव्या आवृत्तीवर आहे त्यांनी थोडं आधी यावं. स्थलांतराचं काम आधी त्यांच्यापासून सुरू करू, साइटचं नाव विचारणार नाही.